जहाज रिकामं करणारी बाई

बेटावरच्या समुद्रस्नानाचे सगळे बेत जिने आखायचे तिलाच पोहता येत नाही, हा बंदरावरच्या कचेरीतला जुना विनोद होता. कचेरी म्हणजे धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली. दोन टेबलं, भिंतीवर उन्हाने विटलेला बेटाचा नकाशा आणि कधीच पूर्ण न वाळणाऱ्या टॉवेलांचा वास. पाणी उथळ असल्यामुळे मोठी जहाजं धक्क्याला लागत नसत. ती बाहेर नांगर टाकून उभी राहत आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर येत. आल्यावर त्यांना कुठे न्यायचं, कुणाला कुठल्या वाळूवर बसवायचं, कुणाला पोहू द्यायचं आणि कुणाला नुसते पाय बुडवू द्यायचे, हे सगळं ती ठरवायची. तिला सगळे सहलबाई म्हणत. कचेरीचे साहेबसुद्धा.

दाखवण्यासारखी ठिकाणं दोनच होती. एक लांबलचक किनारा, तिथे धक्क्यावरून पायी जाता येई. दुसरं म्हणजे प्रवाळाच्या कड्याआड अडलेलं उथळ, हिरवट निळं पाणी. जाहिरातीत त्याला लगून म्हणत, बोटवाले नुसतं तळं म्हणत. तळ्यात जायला बोटीने बाहेरून वळसा घालून कड्यातल्या अरुंद तोंडातून आत शिरावं लागे.

या खेपेला सहलबाईने असा काही बेत आखला की साहेब चाट पडले. सहसा तिचा विचार असायचा, येतील तेवढे येतील. या वेळी मात्र कोण येणार नाही, याचाच ती विचार करत बसली होती. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या येणार नाहीत, म्हणून तळ्यात घोटाभर पाण्यात पाठीच्या खुर्च्या मांडायच्या. अंगावरच्या बाळांना घेऊन आया येणार नाहीत, म्हणून तिथेच कापडी सावली आणि पाळण्यांची सोय. वाळू पायाला लागली की ज्यांचा जीव जातो त्यांच्यासाठी फळ्यांची वाट.

“अहो बाई, एखाद्याला जहाजावर झोपायचं असेल तर झोपू द्या की!” साहेब म्हणाले.

“झोपायला घर आहे ना त्यांचं,” ती म्हणाली.

तिची लेक त्या जहाजावर होती. प्रवाशांच्या खोल्या झाडायची, चादरी बदलायची. खोल्या रिकाम्या झाल्या, की साफसफाईच्या मुलींना पाळीपाळीने किनाऱ्यावर सोडायचं, अशी तिथली पद्धत. कागदपत्रं तेवढी जहाजावरच ठेवून घेत. लोक खोल्यांत बसून राहिले तर सुट्टी विसरा. कुणाला टॉवेल हवा, कुणाची उशी बदलून हवी, कुणाच्या बाळाने गादी ओली केलेली. तेव्हा लेकीला खाली आणायचं तर जहाज रिकामं करायला हवं होतं. आणि याच खेपेला करायला हवं होतं. इथून पुढे ते जहाज दुसऱ्या महासागरात जाणार होतं, मोसमभरासाठी.

लेकीचा आवाज नेहमीसारखा असता तर तिने इतका आटापिटा केला नसता. या मुलीला घरात तक्रारखातं म्हणत. भात मऊ झाला, पंखा कुरकुरतो, शेजारीण मोठ्याने हसते, सगळ्यावर तिचं म्हणणं असायचं. जहाजावर गेल्यावर तर ऊत आला होता. मुकादम बाई जळकी आहे, खोलीतली मुलगी घोरते, जेवणाला साबणाचा वास येतो. आई फोन कानाला लावून पोळ्या लाटायची आणि मनातून खूश असायची. मग हळूहळू तक्रारी आटल्या. जेवण कसं आहे? ठीक आहे. ती घोरणारी? ठीक आहे. सगळंच ठीक होत गेलं, तशी आई जास्तच खोदून विचारू लागली.

“मोठी झाली असेल ती,” नवरा म्हणाला. तो बर्फाच्या कारखान्यात होता आणि मुळातच मितभाषी. “मोठी झाली की माणसं कमी बोलतात.”

“मग तुम्ही जन्मतःच मोठे होतात वाटतं,” ती म्हणाली. पण हसणं काही जमलं नाही. तिला लेकीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. समोर बसवून, हनुवटी धरून. फोनवर कोणीही काहीही बोलतं.

“सगळी माणसं उतरवते बघ,” तिने आदल्या दिवशी लेकीला सांगितलं. “काय आणू तुझ्यासाठी?”

“काही नको.”

“काही नको म्हणजे?”

“म्हणजे काही नको, आई.”

सकाळी जहाज आलं. पांढरंशुभ्र, एखादी वसाहत पाण्यावर आणून ठेवावी तसं. आभाळ निरभ्र, धक्क्याजवळचं पाणी शांत. तरी रिवाजाप्रमाणे ती मोटरबोटीतून तळ्याचं तोंड बघायला निघाली. तिने होकार दिल्याशिवाय प्रवाशांची बोट तिकडे वळत नसे. बोटवाल्याला सगळे चेष्टेने कप्तान म्हणत, आणि त्याला ते खरंच वाटत असे.

तोंडापाशी पोचल्यावर कप्तानाने मोटर बारीक केली. पाणी काचेसारखं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, तिचा जीव भांड्यात पडला. आणि मग खालून कोणी पाठ वर काढावी तसा पाण्याचा एक फुगवटा मुकाट आला, तोंडापाशी उंच झाला आणि आडवाच्या आडवा फुटला. मग पुन्हा सगळं गुळगुळीत.

“लांब कुठेतरी वादळ झालंय,” कप्तान म्हणाला. “त्याचं उरलंसुरलं येतंय. ही लाट गेली की लगेच घुसायचं. वेळ साधली की झालं.”

“आणि नाही साधली?”

“आजवर कधी चुकलीय?”

“तेव्हा तुझी बोट रिकामी असते. आज म्हाताऱ्या असतील, मांडीवर पोरं असतील.” त्या सगळ्यांना तिनेच तर गोळा केलं होतं.

कप्तान जरा तिच्याकडे सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “पोरगी येणारे ना आज? मग ‘हो’ म्हणून टाका. बाकी मी बघतो ना.”

तो प्रेमानेच म्हणाला होता. तिने जहाजाकडे बघितलं. त्या असंख्य गोल खिडक्यांपैकी एका खिडकीमागे लेक असेल. कदाचित कामाचा पोशाख उतरवून तयारही झाली असेल. तेवढ्यात फोन वाजला.

“बाई, हो की नाही तेवढं बोला,” साहेब म्हणाले. “जहाजावरून विचारतायत.”

‘हो’ तिच्या ओठांवर आलं होतं. खरं तर निम्मं बाहेरही पडलं होतं, साहेबांनी “काय?” असं विचारलंसुद्धा. पण तेव्हाच दुसरा फुगवटा आला. या वेळी बोट त्याच्या जरा जास्त जवळ होती. ती वर उचलली गेली, एका अंगावर कलली, आणि सहलबाई बाकावरून सरळ कप्तानाच्या पायांवर जाऊन आदळली. तिचा एक हात मोकळा होता म्हणून तिने कडेची दांडी धरली. हातात मूल असतं तर काय धरलं असतं, एवढं एकच तिच्या मनात आलं.

“नाही,” ती म्हणाली.

“नाही म्हणजे उशिरा का?”

“नाही म्हणजे नाही. किनारा चालू ठेवा. तळं बंद.”

किनाऱ्यावर निम्मीसुद्धा माणसं आली नाहीत. ज्यांना पोहता येत होतं ते आले. खुर्च्यांवाल्या, पाळण्यांवाल्या सगळ्या जहाजावरच राहिल्या. सहलबाई टॉवेल वाटत फिरत होती आणि प्रत्येकाला विचारत होती, तुम्ही कुठल्या मजल्यावर? खोली कोण साफ करतं? बहुतेकांना सांगता येईना. शेवटी एक आजी भेटल्या. नातवाच्या हट्टापायी उतरलेल्या.

“आमच्याकडची ना? लांब वेणी, गालावर तीळ?”

“तीच, तीच. माझी आहे ती!”

“अगं बाई! गुणाची आहे हो. कधी येते, कधी जाते, पत्ता लागत नाही. तोंडातून शब्द म्हणून काढत नाही.” आजींना वाटलं, आई खूश होईल. “आमच्या सुनेला म्हटलं, बघ जरा, शीक.”

सहलबाईने मान हलवली आणि दुसऱ्या बाकाकडे वळली.

जेवणाच्या सुमाराला समुद्र निवला. कप्तान तोंडापर्यंत जाऊन आला. कचेरीच्या दारात उभा राहून म्हणाला, “आता तिथे कागदाची होडी सोडा. बुडली तर मिशी काढीन.”

“मग आता उघडू या की तळं!” ती खुर्चीतून उठलीच.

“आता?” साहेबांनी हात जोडले. “जेवून आडवी झालीत माणसं. आता त्यांना कोण उठवतंय? बाई, तुमच्या पोटात कायम वादळ असतं, त्याला बाहेरचा समुद्र काय करणार?”

ती पुन्हा खुर्चीत बसली. लाटेने कुणाचं काही वाकडं केलं असतं तर तिचं बरोबर ठरलं असतं, आणि तसं व्हावं असं म्हणण्याइतकी ती वाईट नव्हती.

दुपारी लेकीचा फोन आला.

“तळं तूच बंद केलंस?”

“हो गं. लाट होती सकाळी. आता नाहीये, पण सकाळी होती.”

“बरोबर केलंस.”

आईने वाट पाहिली. आता फुटेल, आता म्हणेल की तुला सगळ्या जगाची पोरं दिसतात, एक मी सोडून.

“चीड तरी माझ्यावर,” आई म्हणाली.

“चिडून काय होणार? खोल्या राहिल्यात माझ्या. सगळे आतच आहेत. ठेवू?”

“ऐक. शेवटच्या बोटीबरोबर मी येते जहाजापर्यंत. खालच्या दारापाशी येशील?”

“बघते.”

संध्याकाळी सहलबाई प्रवाशांच्या मागे, मोटरीच्या धुरात बसून निघाली. जहाजाजवळ गेल्यावर त्याची भिंत इतकी उंच झाली की आभाळ दिसेना. पाण्याच्या जरा वर एक लोखंडी दार उघडं होतं, आत पिवळा दिवा. दोन खलाशी हात देऊन एकेकाला वर घेत होते. आणि त्यांच्या मागे, भिंतीला लागून, लेक उभी होती.

आली होती. गळ्याची हाडं वर आली होती, वेणी मात्र तशीच. आजींची पाळी आली तशी लेक पुढे झाली, वाकली, हात पुढे केला. “सावकाश, आजी. पायरी ओली आहे.” चेहऱ्यावर छान हसू होतं. दात दिसतील एवढं, जास्त नाही. आजी वर गेल्या, नातू गेला, मग तिची नजर आईवर आली. हसू होतं तसंच राहिलं. कमी झालं नाही, वाढलं नाही. दिवा विझवायचा राहून जावा, तसं.

“जेवलीस का?” आईच्या तोंडून एवढंच निघालं.

“हो.”

“काय झालंय तुला?”

“काही नाही.”

“बाई, वर येताय की परत जाताय?” खलाशाने विचारलं. “दोर सोडायचाय.”

“परत,” ती म्हणाली. मग बोटीच्या टोकाशी गेली, जिला पोहता येत नव्हतं ती बाई दोन्ही हात सोडून उभी राहिली. “उतर. ये बोटीत. आहेस तशी ये.”

खलाशी हसले. त्यांना वाटलं, आईची माया. लेक हसली नाही. तिने बोटीकडे पाहिलं, दार आणि बोट यांच्यामधल्या काळ्या पाण्याकडे पाहिलं, मग मागे वळून आतल्या जिन्याकडे.

“कागदपत्रं वर आहेत, आई,” ती म्हणाली.

दोर सुटला. बोट मागे सरकली, आणि दोघींच्या मधलं पाणी उडी मारण्याजोगं राहिलं नाही. आतून कोणीतरी लोखंडी दार ओढून घेतलं.

कप्तानाने बोट वळवली. निम्मी वाट त्याने कशीबशी काढली. मग राहवेना.

“भेटली ना? काय म्हणाली?”

“कागदपत्रं वर आहेत म्हणाली.”

“म्हणजे?”

“म्हणजे नको म्हणाली नाही,” सहलबाई म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून खाली बसली.