गवंडीमामांच्या गुडघ्यातलं सिमेंट

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा सिमेंट कालवलं... घराचं नाही, गुडघ्याचं.

आमचं हॉस्पिटल मुळशीत, पौड रस्त्याला लागून. छोटंसंच आहे. मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर, राहायला बावधनला. गुडघा बदलायचं ऑपरेशन असलं की सिमेंट कालवायचं काम आमच्या मोठ्या सिस्टरांचं. पण त्या सुट्टीवर गेल्या आणि सोमवारी सर्जन सर मला सहज म्हणाले, "उद्या सिमेंट तुझ्याकडे." सहज त्यांच्यासाठी... माझ्यासाठी नाही.

पेशंट होते मुठा गावचे शिवराममामा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. हिंजवडीला कंपन्या आल्यापासून जांबे गावात भाड्याच्या खोल्यांवर खोल्या चढल्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या हातच्या. उकिडवं बसून फरशा बसवता बसवता उजवा गुडघा पार झिजला होता. दोन वर्षं परांचीवर पाय ठेवला नव्हता त्यांनी.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना उद्याचं समजावायला गेले. नवा सांधा सिमेंटने हाडाला बसवतात म्हटल्यावर ते एकदम सरसावून बसले.

"पानी किती दिस मारायचं?"

मला आधी कळेचना. मग म्हटलं, मामा, हे ते सिमेंट नाही. पावडर आणि एक द्रव असतो, दोन्ही कालवले की दहा-बारा मिनिटांत दगड होतो. पाणी लागत नाही. ते गोंदासारखं चिकटतही नाही, हाडाच्या बारीक भोकांत शिरून घट्ट धरून बसतं.

"म्हंजी टाचे मारून भिंत खरबरीत केल्याबिगर पलिस्तर ऱ्हात न्हाई, तसंच की," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कालवनार कोन?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं... पण नाही बोलवलं. "मी. पहिल्यांदाच."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, मावशींचा, चेहरा पडला. "त्या मोठ्या बाई येऊस्तवर थांबू की आपुन," त्या मामांना हळूच म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तो त्यांचा हक्क होता.

मामांनी माझ्या हातांकडे बघितलं. "पयलं कवातरी कालवावंच लागतं," ते म्हणाले. "येक ध्यानात ठेवा, ताई. उन्हात कालवलेला माल लवकर धरतो, कडक व्हतो. घड्याळाकडं नगा बघू, हाताला इचारा."

मंगळवारी सकाळी ऑपरेशन सुरू झालं. कमरेखाली बधिर केलेलं, त्यामुळे मामा जागे. पडद्याआडून हातोडीचा आवाज ऐकून म्हणाले, "ठोका, सायेब, लाजू नका." सगळे हसले. मला काही हसू येईना.

सरांनी हाड धुतलं, कोरडं केलं. "मिक्स." मी पावडरीत द्रव ओतला, तो उग्र वास नाकात गेला, आणि तेवढ्यात लाइट गेली.

जनरेटर काही सेकंदांत लागला. दिवे आले, मशिन्स चालू झाली... पण एसी जनरेटरवर नाही, आणि सकाळपासून तसाही तो धड गार करत नव्हता. खोली लगेच तापायला लागली. मी कालवतच राहिले.

आमच्याकडे कालवल्यापासून चार मिनिटांनी सिमेंट सरांच्या हातात द्यायचं, अशी पद्धत. मी गोळा बोटांनी चाचपत होते. अडीच मिनिटांतच तो ग्लोव्हला चिकटायचा थांबला, म्हणजे लावायला तयार.

"सर, तयार आहे."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दीड मिनिट आहे अजून."

त्या क्षणी गप्प बसणं सोपं होतं. सर वीस वर्षं ऑपरेशनं करताहेत, आणि मी... पण सिमेंट माझ्या हातात होतं.

"घड्याळात आहे सर. हातात नाही."

सरांनी घड्याळावरची नजर काढली. मग हात पुढे केला.

पुढचं सगळं भराभर झालं. हाडावर सिमेंट दाबलं, सांध्याचे दोन्ही भाग बसवले, कडेने आलेलं जास्तीचं काढून टाकलं. सरांनी पाय सरळ धरून दाबून ठेवला. मी उरलेला छोटा गोळा मुठीत धरून उभी होते. तो गरम होत गेला, चांगलाच गरम... आणि नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी कडक झाला.

मी तो ट्रेमध्ये टाकला. टक्क असा आवाज आला. सरांनी मान वर केली, घड्याळ बघितलं. "थांबलो असतो तर सांधा अर्ध्यावर अडकला असता," ते म्हणाले. "बरं झालं बोललीस." मास्कमुळे माझे डोळे तेवढे दिसत होते... तेच भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी मामा वॉकर धरून उभे राहिले. मावशींनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

त्याला दीड महिना झाला. काल मामा तपासणीला आले होते. फाट्यावर एसटीतून उतरून चालत आले आणि रॅम्प सोडून मुद्दाम पायऱ्यांनी चढले... हातात काठी नाही. सरांनी एक्स-रे लावला. धातूच्या खाली सिमेंटची बारीक पांढरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मामा अगदी जवळ गेले, रेघेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे वळले.

"कुटंच पोकळ न्हाई, ताई. लई चोख काम हाय."

सर्टिफिकेटं माझ्याकडे चार-पाच आहेत, फाइलमध्ये ठेवलेली. पण शिवराममामा, काल संध्याकाळी बावधनला घरी जाताना मी स्वतःलाच पहिल्यांदा कारागीर म्हणून बघितलं... ते तुमच्यामुळे.