शनिवारी अडीचला बंद पडणारा सर्व्हर

मार्चमधला तिसरा शनिवार, दुपारचे सव्वादोन. हजर: मी, गेटचे सुपरवायझर आणि कंत्राटदाराचा इलेक्ट्रिशियन. साहेब फोनवर. जागा: उरणच्या वाटेवरच्या आमच्या कंटेनर यार्डातली सर्व्हरची खोली.

मी सांभाळते तो हा सर्व्हर एखाद्या शनिवारी अडीचला स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. तेवढा वेळ गेट पास निघत नसत आणि ट्रेलरची रांग रस्त्यावर जायची. इलेक्ट्रिशियन जनरेटरची चाचणी शनिवारी जेवणाच्या सुट्टीतच घ्यायचा. करंट तोच घालवतो, असं मी कंत्राटदाराला लेखी कळवून टाकलं होतं. मार्चअखेरीस इलेक्ट्रिशियनला काढायचं कंत्राटदाराने ठरवलं. मग तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. माणूस साताऱ्याकडचा, जुईनगरला बायको-मुलांसह भाड्याने राहणारा.

"मॅडम, तुमी सगळं लिहून ठेवता. मग माजी चूक कुठं लिवलीया, तेवढी दाखवा."

दाखवायला काही नव्हतं. सर्व्हरच्या नोंदी फक्त मेमरीत राहत. मशीन बंद झालं की पुसल्या जात. त्याच दिवशी ठरवलं, नोंदी मिळवायच्याच.

आधी त्या डिस्कवर साठतील अशी सोय केली. पण मशीन बंद होताना नोंदी लिहिणारा प्रोग्रामही थांबतो, आणि त्यानंतरच्या ओळी हरवतात. म्हणून मागच्या पोर्टला केबल लावून एक जुना लॅपटॉप जोडला. त्याच्यावर शेवटची ओळसुद्धा उमटते. मुद्दाम रीबूट करून पाहिलं तर काहीच आलं नाही. केबल ढिली होती. घट्ट करून पुन्हा केलं. आलं. त्यानंतरचे दोन शनिवार नुसते बसून गेले.

या तिसऱ्या शनिवारी जनरेटरची चाचणी बंदच ठेवली होती.

"तू नुसतं बघितलंस तरी फ्यूज उडतो रे," सुपरवायझर इलेक्ट्रिशियनला म्हणाले.

"म्हणून तर भिंतीकडं तोंड करून बसलोय."

अडीच वाजले आणि लॅपटॉपवर ओळी धावू लागल्या. करंट गेला असता तर मशीन मधेच गप्प झालं असतं. हे मात्र एकेक काम रीतसर आवरत शेवटपर्यंत गेलं. म्हणजे कुणीतरी तसा हुकूम दिला होता. सर्व्हर चालू झाल्यावर डिस्कवरच्या नोंदी उघडल्या. नवीन अपडेट आलं की शनिवारी अडीचला रीबूट करायचं, अशी कायमची सूचना होती. दोन वर्षांपूर्वी मीच घातलेली. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत गेट रिकामं असायचं म्हणून. काम झालं की मी यादीत टिक करते, आणि पान भरलं की फाडून टाकते. या सूचनेचं पानही तसंच गेलं होतं.

"मॅडम, आता वळू का?"

"वळा. चूक माझी आहे."

"आता मॅडमना कोण काढणार?" सुपरवायझर म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

साहेबांना तिथेच फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माणूस कंत्राटदाराचा. तक्रार तुम्ही लेखी केलीत, आता मागेही लेखीच घ्या." सूचना लगेच बदलली. पत्रही लिहिलं, नोंदींची प्रत जोडली. कंत्राटदार फोन उचलत नाही. त्याच्या करंजाड्याच्या ऑफिसला दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा कुलूप. महिना संपायला चार दिवस आहेत आणि पत्र अजून त्याच्या हातात पडलेलं नाही.