गुटगुटीत मुलांची ओपीडी

दवाखान्यात काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. पेशंटचं नाव विसरायला होतं, पण त्याच्या आईबापाचं एखादं वाक्य डोक्यात घर करून राहतं. नव्वदचं दशक संपता संपता मी नाशिकरोडला एका बालरोगतज्ज्ञांकडे आहारतज्ज्ञ म्हणून लागले. वजनदार मुलं, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसलेली मुलं डॉक्टर माझ्याकडे पाठवायचे. मैत्रिणी म्हणतात, "अगं, एखादा गमतीचा किस्सा सांग ना." तसे फार नाहीत माझ्याकडे.

एकलहऱ्याच्या कॉलनीतला प्रसाद, नववीतला. पोट दुखतं म्हणून त्याची सोनोग्राफी केली होती. रिपोर्ट वडील एकटेच जाऊन घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात आले तेव्हा प्रसादचा ओठ फाटलेला.

"हे कशानं लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

वडीलच बोलले. "लिव्हर खराब म्हणजे काय, ते मला कळतं साहेब. माझा भाऊ दारूनंच गेला. याला विचारलं, कुणाबरोबर पितोस? सांगेचना."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. थेंबभर दारू न पिताही हे होतं. वाढलेलं वजन, पोटाचा घेर, घरात कुणाला डायबेटिस, तासन् तास टीव्हीसमोर बसणं, रोजचं कोल्ड्रिंक.

वडील म्हणाले, "कोल्ड्रिंक तर मीच आणतो. दारूपेक्षा बरं म्हणून."

लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी मुलाला घेऊन आले होते. मुलाला जिना चढताना धाप लागायची. मी म्हटलं, "वजन थोडं उतरवायला हवं."

"ताई, तुमचं पटतंय," ते म्हणाले, "पण व्यापाऱ्याचं पोरगं बारीक दिसलं तर मार्केटात लोक म्हणतील, शेटचा धंदा बसला."

तो मुलगा पुन्हा आला नाही.

मखमलाबादकडे फुलशेती करणारं एक कुटुंब होतं. त्यांची दीपाली अकरा वर्षांची. तिच्या मानेवर काळा, जाडसर पट्टा, आणि त्यावर सोलवटल्याच्या ताज्या खुणा.

"आंघोळ धड करत नाय ही," आई वैतागून म्हणाली. "रोज पायाच्या वजरीनं घासते मी. रडती, पण मी सोडत नाय. तरी मळ जात नाय."

डॉक्टर म्हणाले, "हा मळ नाही, बाई. वजन वाढून शरीरातल्या इन्सुलिनचं काम बिघडलं की कातडी अशी होते. लिव्हरही तपासावं लागेल. आता घासू नका."

दीपालीनं आईकडे पाहिलं. आईचा हात स्वतःच्या पदराखाली, मानेवर गेला होता.

"माझी बी अशीच हाय," ती म्हणाली. "मला माझी आई घासायची."

आणि नेहा. तेरा वर्षांची, लिव्हरला सूज. वर्षभर आम्ही सगळं करून पाहिलं. बिस्किटं बंद, वेफर्स बंद, संध्याकाळी चालणं. काटा हलत नव्हता. आई शाळेत शिक्षिका, नियमाची पक्की. प्रत्येक वेळी काट्याकडे बघून तिचे डोळे भरायचे. मग दोन-तीन महिने त्या आल्याच नाहीत.

एका सकाळी आल्या त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. नेहाचा ड्रेस अंगावर लोंबत होता.

"मॅडम, चमत्कार झाला! काही केलं नाही, आपोआप उतरलं. आता तर भूक लागेल तसं जेवते, तरी उतरतंय."

मी नेहाला काट्यावर उभं केलं. वजन खरंच खूप उतरलं होतं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नेहाला समोर बसवलं.

"बाळा, तहान लागते का गं खूप?"

"हो. रात्रीपण उठते पाणी प्यायला. आणि बाथरूमला."

डॉक्टरांनी सिस्टरला शुगरचं मशीन आणायला सांगितलं. नेहाच्या बोटातून थेंब काढला. मशीनवर आकडा आलाच नाही. मोजता येण्यापलीकडे साखर गेली की 'HI' अशी अक्षरं येतात, तेवढीच आली.

आई अजून हसत होती. तिनं बॉक्स उघडून टेबलावर पुढे सरकवला.

"आधी तोंड तर गोड करा, डॉक्टर."