जिभेवरचं माप

कोंबडीवाल्या वहिनींना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. अकरा वर्षं मध्ये एक भिंत होती, पण बोलणं व्हायचं ते शेडच्या वासावरून नाहीतर नळाच्या पाण्यावरून. मला लिहिता येतं असंही नाही. पण दुसरं कुणी लिहिणार नाही.

नवरा गेल्यावर त्यांनी मागच्या शेडमध्ये सहाशे कोंबड्या पाळायला घेतल्या. "मुलाकडे जाऊन कोपऱ्यात बसण्यापेक्षा यांची घाण काढलेली बरी," म्हणायच्या. पिल्लं आली की पहिल्याच दिवशी पाण्यात पिवळी पावडर. दुखणं यायच्या आधीच औषध! माप म्हणजे त्यांची जीभ. बोट बुडवायचं, चाखायचं. कडू लागलं की झालं. पक्षी तरतरीत दिसले की औषध बंद, उरलेली पुडी पुढच्या खेपेला.

शेवटच्या खेपेला पिल्लं माना टाकू लागली. वहिनींनी पावडर वाढवली. मग दुकानदाराने दिलेली दुसरी घातली, मग दोन्ही एकत्र. चाखून चाखून त्यांना जेवणही कडू लागायला लागलं. रोज सकाळी बादलीभर मेलेले पक्षी निघत. उरलेल्यांपुढे त्या हात जोडत, "बायांनो, एक घोट तरी घ्या गं!"

जनावरांचे डॉक्टर तपासणीचा कागद घेऊन आले.

"मावशी, ही सगळी औषधं पचवून बसलाय हा रोग."

"मग याहून जालीम द्या."

"देण्यासारखं काही उरलं नाही. अर्धंमुर्धं देऊन तुम्हीच त्याला पैलवान केलंत."

"मी? अहो, पोटच्या पोराला कधी एवढं चाखून दिलं नाही!"

डॉक्टर गेले तसा व्यापारी आला. "जिवंत आहेत तेवढे आजच द्या. कुणाला कळतंय?"

"औषध आहे त्यांच्या अंगात. कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जायचं."

"इतकी वर्षं देतच आलात की," तो हसला.

वहिनींनी शेडचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "नाही द्यायचे. जा तुम्ही."

खड्डा खणला, उरलेले पक्षी त्यात गेले, वर चुना पडला. आठवड्यात मुलगा गाडी घेऊन आला. वहिनी एक पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, पुन्हा उतरल्या आणि भिंतीपाशी आल्या.

"भाऊजी, ही बादली ठेवा. चांगली आहे."

"वास येतोय हो तिला."

"घासा दोनदा. जाईल."