उन्हात वाळवलेले मेंब्रेन

आठवी अर्धवट सोडून मी कामाला लागलो. त्यामुळे मेंब्रेन हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो तिशी ओलांडल्यावर, हिंगोलीकडून इकडे तारापूरला आल्यावर. एका औषधाच्या कंपनीत वापरलेलं पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर मला ठेवून घेतलं. मेंब्रेन म्हणजे मांडीएवढं जाड, कमरेइतकं उंच पांढरं नळकांडं. आत पातळ पडदा चटईसारखा गुंडाळलेला. दाबाने पाणी ढकललं की स्वच्छ पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. हे सगळं मला इथल्याच समुद्राकाठच्या नवापूरच्या ऑपरेटरदादांनी शिकवलं, तेही माझा अडाणीपणा चारचौघांत न काढता. हाक मात्र 'हिंगोली' अशीच मारायचे.

एका रविवारी दुरुस्ती निघाली. दादांना सुट्टी होती. प्लांटचे साहेब फोनवर म्हणाले, "सहाही मेंब्रेन काढ आणि धुवून ठेव."

आमच्याकडे धुवून ठेव म्हटलं की भांडं असो की घोंगडी, उन्हात कोरडं करूनच आत घ्यायचं. ओलं ठेवलं तर आई बोलायची. मी मेंब्रेन स्वच्छ धुतले आणि शेडपुढे उन्हात उभे केले. संध्याकाळी खडखडीत वाळलेले बघून बरं वाटलं. पाठ इतकी भरून आली होती की बोईसरला खोलीवर येईपर्यंत रिक्षातच डोळा लागला.

सोमवारी सकाळी दादा त्या मेंब्रेनसमोर उभे.

"हिंगोली, बोंबील हायत का हे, वाळत घालायला?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"एकदा भिजला ना पडदा, मग तो सुकवायचा नाय. पानी जायची वाटच मिटते त्याची. औषधाच्या पान्यात बुडवून ठेवतात. तुला सांगायचं माझंच राहिलं."

बायको मुलीला घेऊन नुकतीच इकडे आली होती, मुलीला इथल्याच शाळेत पहिलीला घातलं होतं. आता काम गेलं तर कुठल्या तोंडाने गावी परत जायचं?

"साहेबांना काय सांगू?"

"खरं सांग. मी हाय बाजूला. पन तोंड तुलाच उघडायला लागेल."

साहेब आल्यावर ठरवलेलं काहीच आठवेना. "मीच वाळवले," एवढंच निघालं.

"कोणी सांगितलं होतं वाळवायला?"

"कोणी नाही. धुवून ठेव म्हणालात, म्हणून."

"म्हणजे चूक माझी?"

"नाही साहेब."

"मी त्याला शिकवलं नव्हतं," दादा मधेच म्हणाले. त्यांना गप्प बसता आलं असतं.

साहेबांनी कपाळ चोळलं. मग मिटलेली वाट उघडते का बघायला मेंब्रेन स्पिरिट मिसळलेल्या पाण्यात भिजत घातले, नंतर एकेक बसवून पाणी सोडून बघितलं. दर वेळी मी पाणी मोजणाऱ्या काट्याकडे बघत उभा. चार मेंब्रेनमधून पाणी आलं, थोडं कमीच, पण आलं. उरलेल्या दोनांतून थेंब थेंब.

"दोन गेले," साहेब म्हणाले. "नवीन आले की बसवताना तू हजर राहायचंस. नीट बघून घे."

मला धड कळेना. "म्हणजे उद्या येऊ ना, साहेब?"

"मग कोण येणार?" एवढं बोलून ते ऑफिसकडे गेले.

मी तिथेच पाइपावर बसलो. दादांनी पंप बंद केला आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.