चुंबळीची वेल

इथे आखातात, अल ऐनला, आमच्या शेजारी एक ग्रीक बाई राहते, शाळेत शिकवते. तिच्या अंगणात तिच्या बेटावरच्या काळ्या द्राक्षाची वेल आहे, माव्रोत्रागानो. त्याची लाल वाइन करतात. तिथेही आता हे द्राक्ष फार थोडं उरलंय म्हणे. ती वेल जमिनीवरच गोल गोल वळवलेली, थेट चुंबळ.

आई गेल्यावर आबांना मी हट्टाने दिंडोरीहून इथे आणलं. जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस, इथे दिवसभर एसीत गप्प. माझी मुलं इंग्रजीत काहीबाही बोलायची, आबा नुसते हसायचे. ती वेल दिसली मात्र, म्हातारा ताडकन उठला! "अगं, वेल काय अशी लोळवतात? मांडव नको?" बाईला ना मराठी, ना हिंदी. तरी दोघांच्या गप्पा हातवाऱ्यांनी तासन्‌तास चालायच्या. तिनेही कौतुकाने मांडव घालू दिला. त्या दिवशी आबा पोटभर जेवले.

मग मे महिन्यात गरम वारं सुटलं आणि वर चढवलेली वेल बघता बघता करपली. तिच्या बेटावरही वारा असाच झोडपतो, म्हणून तर चुंबळ करतात, घड आत झाकून राहतात. हे आम्हाला तेव्हा कळलं. बाई म्हणाली, "मूळ जिवंत आहे, फुटेल." मी आबांना मराठीत सांगितलं. कुठलं पटायला! "खलास. लोकाच्या दारची वेल मारली मी," म्हणाले आणि गावी निघून गेले. मी भांडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

बाई सुट्टीला मायदेशी गेली, पाणी मी घालायची. आबांचा फोन आला की नातवंडं राहिली बाजूला, आधी एकच प्रश्न, "फुटली का गं?"

"नाही अजून." खोटं सांगून भागत नव्हतं, माझ्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

ऑगस्टमध्ये आबा गेले. तेरावं करून मी परतले तर बाई आलेली होती. भिंतीपलीकडून तिने हाक मारली. बुंध्याला बोटभर तांबूस कोंब! मांडव तिने तसाच ठेवला होता, खाली एक खुर्ची मांडून.

"बाबांना फोन लाव, त्यांना दाखवू," ती म्हणाली. "पुढच्या वेळी इथे बसू देत त्यांना. पण वेलीला हात नाही लावायचा हां!" आणि स्वतःच हसली.

"फुटली हो आबा, फुटली," म्हणत मी हमसून हमसून रडले.

बाईला मराठी येत नाही. तिने ती खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.