चांगभलं म्हणताना काय बघायचं राहिलं

परवा शनिवारी श्रावणीच्या शाळेत पालकसभा होती. ती नववीत. इतिहासाच्या तांबोळी मॅडम आठवड्यातून एक तास पडद्यावर जुन्या फिल्म दाखवतात... तो तास ठेवायचा की बंद करायचा, ते पालकांनी हात वर करून ठरवायचं होतं.

श्रावणीचा सगळा जीव त्या तासात. पाठांतराला कंटाळलेली पोरगी हल्ली आपणहून इतिहासाचं पुस्तक काढून बसते. "आई, हात वर कर हं," असं निघतानाच बजावलं होतं. पण मी हिशेबी बाई... पोर्शन कधी पूर्ण होणार, हे माझ्याही मनात होतंच.

दुधाचा व्यवसाय असलेले एक पाटील दादा उठूनच बोलले, "अवो मॅडम, घरात मोबाईल हाय, शाळेतबी पडदाच दावणार? धडे कवा शिकवायचं?"

मॅडम हसल्या. "एक बघा, मग ठरवा."

मुलं पुढं सतरंजीवर बसली होती, आम्ही मागं बाकांवर. खिडक्या लावल्या. जोतिबाच्या यात्रेची जुनी, बिनआवाजाची फिल्म सुरू झाली. देवापुढं नाचवतात त्या उंच सासनकाठ्या दिसल्या, पालखी आली... आणि आम्ही सगळे पालक उभे राहिलो. कुणी चपला काढल्या, पाटील दादांनी "जोतिबाच्या नावानं" म्हटलं आणि "चांगभलं"नं वर्ग दणाणला. मीही हात जोडून डोळे मिटले.

फिल्म संपल्यावर मॅडमनी विचारलं, "काय काय दिसलं?"

"देव दिसला की," पाटील दादा म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मग मॅडमनी पुढं बसलेल्या मुलांना विचारलं. एकजण म्हणाला, विजेचा एकही खांब नाही. दुसरा म्हणाला, बैलगाड्या डोंगराच्या पायथ्यालाच सोडल्यात. मग आमची श्रावणी उठली. "मॅडम, पालखीजवळ एकही बाई नाही. सगळ्या लांब उभ्या आहेत. का?"

तेवढा भाग परत लावला. खरंच होतं...

"मलाही नक्की माहीत नाही. शोधूया," मॅडम म्हणाल्या.

पाटील दादा पडद्याकडं बोट करून म्हणाले, "आम्ही बघितलंच न्हाई की वो. ऱ्हाऊ दे ह्यो तास." पहिला हात त्यांचाच वर गेला, दुसरा माझा.

काल रविवार, जोतिबाचा वार, म्हणून डोंगरावर दर्शनाला गेले. आधी डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं... कोण पुढं, कोण मागं, कोण कुठं थांबलंय. मग हात जोडले. इतकी वर्षं जाते, पण काल पहिल्यांदा पूर्ण दर्शन झाल्यासारखं वाटलं. मॅडम, तुमचे उपकार आहेत.